अंजनगावची वाघळं आणि वसंतरावांच्या घरचं लग्न

अमरावती

अमरावतीत माझं स्वागत वाघाने केलं. कुमुदच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर दोन खांबांच्या मध्ये भलामोठा फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर जबडा उघडलेला पट्टेरी वाघ, त्याच्या कानाशी माझा पासपोर्टचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : 'वाघ, आपला मित्र. वक्त्या : शैलजा पाटणकर, चिपळूण.'

"अगं कुमुद, मी वाघावर नाही बोलत. वाघळांवर बोलते!" ऑटोतून उतरता उतरताच मी ओरडले.

"मले काय सांगतेस? मी वाघूळच लिहून दिलं होतं," कुमुद म्हणाली. "तो छापणारा म्हणतो, बाई, तुमच्या लिहिण्यात चूक होती, मी दुरुस्त करून टाकली."

"मग आता?"

"आता काय करतो? वाघाच्या नावानं गर्दी जमते इथं. जमू दे. लोक एकदा बसले की सोड तुझी वाघळं."

कुमुद माझी कोल्हापूरच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. मूळची सांगलीची. अमरावतीच्या वकिलाशी लग्न करून आली आणि इथलीच झाली. इथल्या बायका स्वतःबद्दलसुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. कुमुद फोनवर असं बोलायला लागली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, तिच्या नवऱ्यानेच फोन उचलला.

मी चिपळूणला शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वटवाघळांच्या नादाला लागले. लॅपटॉपवर फोटो, आणि जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचं मी स्वतः शिवलेलं एक पंख उघडणारं वाघूळ, एवढा संसार घेऊन जिथे बोलावतील तिथे जाते. आमच्या भागातल्या बहुतेक मंडळांचं ऐकून झालं आहे. हल्ली बाजारात मला पाहून काही ओळखीच्या बायका समोरच्या दुकानात शिरतात. त्यामुळे 'आमच्या ज्येष्ठ नागरिकांसमोर बोल, मग अंजनगावला आणि अकोल्यालाही जा' असा कुमुदचा फोन आला तेव्हा मी लगेच आरक्षण केलं. वाघळांबद्दल अजून काहीही न ऐकलेला सबंध प्रदेश! महिना मार्चचा होता. 'वऱ्हाडात आणि मार्चमध्ये?' असं घरच्यांनी विचारलं, पण चिपळूणचा घाम काढलेल्या माणसाला ऊन काय करणार, असं मला वाटत होतं. ते उन्हाने पहिल्याच दुपारी दाखवून दिलं. आमच्याकडचं ऊन अंगाला चिकटतं, इथलं सरळ भाजून काढतं.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं होतं. कुमुदने आधीच सगळ्यांना गिला वडा खायला घातला होता. म्हणजे आमचा दहीवडाच, पण त्यावरची तिखट चटणी अशी की मी पुढची दहा मिनिटं डोळे पुसत होते, आणि अध्यक्षांना वाटलं मी स्वागताने भारावले. मी पहिला फोटो पडद्यावर लावला. पहिल्या रांगेतले टोपी घातलेले एक आजोबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले,

"हा वाघ उलटा काहून लटकला?"

त्यानंतर मला वाटेल तेवढं बोलायची मोकळीक मिळाली, कारण कुणी ऐकतच नव्हतं, सगळे हसत होते. मग मी छत्रीचं वाघूळ काढलं आणि झोकात पंख पसरले. वर पंखा गरगरत होता हे माझ्या लक्षात आलं नाही. त्याने वाघळाचा डावा पंख ओढून घेतला, वाघूळ एक फेरी मारून तिसऱ्या रांगेत एका आजींच्या मांडीवर जाऊन पडलं. आजींनी ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "शिवण पक्की आहे वो तुमची."

प्रश्न मात्र भरपूर आले. उलटं लटकून अन्न डोक्यात जात नाही काय? रक्त डोक्यात उतरत नाही काय? आणि मग, सगळ्यांच्या मनात असलेला, शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांनी धीर करून विचारलेला : लघवी कशी करतात? मी सांगितलं की तेवढ्यापुरती अंगठ्यांनी फांदी पकडून सरळ होतात. या एका माहितीवर सभागृह जे खूश झालं, ते माझ्या बाकीच्या सगळ्या भाषणावर झालं नव्हतं.

बाहेर पडताना टोपीवाले आजोबा माझ्याजवळ आले. "चांगलं बोलले तुमी. पण वाघ पाह्यजे होता," असं तोंडावर सांगून त्यांनी माझी लॅपटॉपची जड बॅग कुमुदच्या घरापर्यंत खांद्यावरून आणून दिली. आमच्या कोकणात नेमकं उलट. तिथे माणूस समोर तोंडभर कौतुक करेल, बॅग तुमची तुम्ही उचलायची, आणि मग घरी पोचेपर्यंत तो तुमच्या भाषणाची सालटी काढेल.

अंजनगाव सुर्जी

दुसऱ्या दिवशी एसटीने अंजनगावला निघाले. कोकणात वाढलेल्या माणसाला एवढं आभाळ एका वेळी पाहायची सवय नसते. आमच्याकडे नजर टाकली की दहा पावलांवर डोंगराला आपटते. इथे काळी जमीन आडवी पडलेली, हरभरा निघून गेलेला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्यांचे ढीग बांधाबांधावर, मध्येच एखादा पळस नखशिखांत लाल, आणि उत्तरेला सातपुडा निळ्या रेघेसारखा. मी खिडकीतून सारखी मान बाहेर काढत होते. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं, "कोणी सुटलं काय मागं?"

अंजनगावला वंदनाताई इंगळे स्टँडवर आल्या होत्या. कुमुद आणि त्या एका शाळेत शिक्षिका होत्या. आता वंदनाताई त्यांच्या वस्तीतलं महिला मंडळ चालवतात. स्कूटरवर मला मागे बसवून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं :

"मॅडम, तुमाले खरं सांगतो. मी तुमाले भाषणाले नाई बोलावलं. भांडणाले बोलावलं."

हकिकत अशी होती. वस्तीतल्या विहाराच्या बाजूला समाजमंदिर आहे आणि त्याच्या अंगणात एक प्रचंड चिंच. त्या चिंचेवर मोठ्या फळखाऊ वाघळांची वसाहत, कुणालाही आठवत नाही तेव्हापासूनची. त्याच अंगणात पुढच्या आठवड्यात वंदनाताईंच्या पुतणीचं, स्नेहलचं लग्न. आणि स्नेहलचे वडील, म्हणजे वंदनाताईंचे मोठे दीर वसंतराव यांनी ठरवलं होतं की मंडप घालायच्या आधी सुतळी बॉम्ब लावून सगळी वाघळं एकदाची उठवून लावायची.

"बॉम्ब आणूनसुद्धा ठेवले," वंदनाताई म्हणाल्या. "मी सांगून थकली. माझं ऐकत नाई. म्हणतात, तू माझ्या भावाची बायको आहे, तुले काय समजते? बाहेरून कोणी आलं तर ऐकतील."

मार्च म्हणजे वाघळांच्या पिल्लांचा काळ. पिल्लं आईच्या पोटाला चिकटलेली असतात. आवाजाने एकदम उठावं लागलं तर पिल्लं खाली पडतात, आणि पडलेलं पिल्लू सहसा जगत नाही. माझ्या आजवरच्या भाषणांनी कुणाचं बरंवाईट झालेलं नव्हतं. लोक ऐकायचे, चहा प्यायचे, घरी जायचे. इथे माझं भाषण फसलं तर त्याचा निकाल झाडाखाली पडलेला दिसणार होता.

जेवण वसंतरावांकडेच होतं. मी एका खडूस माणसाशी भांडायची तयारी करून गेले होते. दारात पांढराशुभ्र सदरा घातलेले, भरदार मिशांचे, एसटीत सबंध आयुष्य ड्रायव्हर म्हणून काढलेले वसंतराव उभे होते. "या मॅडम, या! जय भीम!" असं इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले की पलीकडच्या घरातूनही कुणीतरी उत्तर दिलं. रोडगे होते, वांग्याची भाजी होती, वरण होतं. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा. तो फोडून त्यात तूप ओततात, आणि तूप ओतायचं काम वसंतरावांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"तुमच्या वाघळांशी भांडण आहे, तुमच्याशी नाई. खा!" दुसरा रोडगा ताटात टाकत ते म्हणाले. मग थांबून विचारलं, "सांभार चालते ना तुमाले?"

माझा घास हातातच राहिला. "सांबर?"

"हो. आमच्या घरी रोज लागते. त्याच्याबिगर वरणाले चवच नाई."

"रोज?"

"मागच्या अंगणातच आहे ना आपलं. सकाळीच कापलं."

मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्या शांतपणे जेवत होत्या. मला समोर मेळघाट दिसायला लागला, वनखातं दिसायला लागलं, वृत्तपत्रातला मथळा दिसायला लागला आणि त्याखाली पुन्हा माझा तो पासपोर्टचा फोटो. "वसंतराव," मी शक्य तितक्या सौम्य आवाजात म्हणाले, "ते कापणं कायद्याने गुन्हा आहे हो."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून स्नेहल हातात वाटी घेऊन आली आणि तिने माझ्या वरणावर हिरवीगार चिरलेली कोथिंबीर भुरभुरवली. "बाबा, मॅडमकडे सांभाराले कोथिंबीर म्हणतात," ती म्हणाली. सगळ्या घराला कळायला एक क्षण लागला. मग वसंतराव जे हसत सुटले, ते मधूनमधून थांबायचे, माझ्याकडे पाहायचे, 'गुन्हा आहे म्हणते!' म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. स्नेहल परतवाड्याच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "आता ते खुशीत आहेत. लवकर सुरू करा भाषण."

समाजमंदिरात सगळ्या वस्तीतल्या बायका जमल्या होत्या, मागे पुरुष उभे, आणि पहिल्या रांगेत मधोमध वसंतराव. मी जीव तोडून बोलले. वाघळं फुलांवर जातात म्हणून झाडांना फळं धरतात, बिया लांब नेऊन टाकतात, रान पेरतात, हे सगळं सांगितलं. एका बाईंनी करोनाचं विचारलं. त्यांना सांगितलं की वाघळांना हात लावायचा नाही, त्यांचं उष्टं फळ खायचं नाही, आणि त्यांना त्यांच्या जागी राहू द्यायचं. कुणाचं बोट फांदीवरच्या वाघळाला लागणार तरी कसं? बायका माना डोलावत होत्या. वंदनाताईंनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मग वसंतराव उठले.

"मॅडम, भाषण फस्क्लास झालं. आता मले एक सांगा. लग्नात माझ्या पोरीच्या डोक्यावर फुलं पडाले पाह्यजे का वाघळाची शी?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याही स्लाइडवर नव्हतं. मी त्यांना बाहेर अंगणात नेलं आणि गळ्यातली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. चिंचेवर वाळकी वांगी टांगावीत तशी शेकडो वाघळं लटकली होती. काही पंखांनी स्वतःला वारा घालत होती. वसंतरावांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"एक पिल्लू आहे हो," ते म्हणाले. "मायनं पंखात गुंडाळून घेतलं. अन् ती माझ्याकडेच पाहून रायली."

"दिसतं त्यांना. चांगलं दिसतं."

"आमच्या सासूबाई अशाच पाहत. लग्नाच्या दिवशी." त्यांनी दुर्बीण खाली केली. आवाज थोडा उतरला होता, पण मुद्दा सुटला नव्हता. "समजलं मॅडम. पिल्लं आहेत. मी काही राक्षस नाई. पण मग मंडप कोठी टाकू? गावात दुसरी जागा नाई. अन् हे तर दिवसभर इथंच."

"दिवसभर," मी म्हणाले, आणि तिथेच मला सुचलं. खरं तर इतक्या उशिरा सुचलं याचीच लाज वाटावी. "रात्री नसतात ना! सूर्य मावळला की सगळी जेवायला बाहेर पडतात, ती पहाटे येतात. लग्न संध्याकाळी लावा. तुमची पंगत बसेल तेव्हा झाड रिकामं."

"लग्न दुपारचं आहे."

"मुहूर्त आहे का?"

"आमच्यात कायचा मुहूर्त? वेळ आपणच ठरवतो. पण पत्रिका छापून वाटल्या गेल्या."

यावर स्नेहल पुढे आली. "बाबा, आपल्या इथं पत्रिकेतल्या वेळेवर कोणतं लग्न लागलं आजपर्यंत? तुमचं स्वतःचं कवा लागलं, विचारू का आईले?"

अंगणातल्या बायका खो खो हसल्या. वसंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग एसटीच्या माणसाने म्हणावं तसं म्हणाले, "पाहू. आज त्याइची गाडी टायमावर सुटते का ते मी स्वतः पाहतो. सगळे गेले तर बॉम्ब कॅन्सल. अर्धे जरी राहिले, तर उद्या सकाळी बार."

मग अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. सगळी वस्ती वर मान करून बसली. कुणीतरी चहा आणला, कुणीतरी भाजलेले शेंगदाणे. सूर्य खाली गेला. वाघळं हलेनात. मला वाटलं, एवढी माणसं खाली बसलेली पाहून ती बिथरली असतील. मी दहावीचा निकाल ऐकायला बसल्यासारखी पदर पिळत होते. "मॅडम, ड्रायव्हर आला नाई वाटते अजून," वसंतराव म्हणाले. अंधारायला लागलं. वंदनाताईंनी माझा हात घट्ट धरला.

आणि एक सुटलं. हाताएवढे पंख पसरून ते चिंचेवरून घसरल्यासारखं निघालं, विहारावर एक घिरटी घालून पानमळ्यांच्या दिशेने गेलं. त्यामागे चार, त्यामागे पन्नास, मग सबंध झाडच उकलल्यासारखं झालं. आभाळभर काळे पंख सावकाश, आवाज न करता. काहींच्या पोटाशी पिल्लांचे गोळे दिसत होते. मी आजवर हे अनेकदा पाहिलं होतं, पण इतक्या माणसांना एकदम गप्प होताना पहिल्यांदाच पाहिलं. मी उभी राहिले, मान मागे टाकली, हात जोडावेसे वाटले, जोडलेही.

तेवढ्यात ते माझ्या कपाळावर पडलं. बरंच. भांगापासून चष्म्यापर्यंत.

वसंतरावांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. "मॅडमलेच!" एवढंच म्हणत ते खुर्ची धरून हसत होते. "निरा मॅडमलेच!" स्नेहल पाण्याची बादली घेऊन धावली. हसू आवरल्यावर वसंतराव उठले, रिकाम्या झाडाखाली जाऊन चारही बाजूंनी बॅटरी मारून आले आणि वंदनाताईंना म्हणाले, "वंदना, बॉम्ब परत करून टाक. लग्न संध्याकाळचं. सगळ्याइले फोन लाव."

अकोला

अकोल्याला मला सोडायला वसंतराव स्वतः आले. मंडपवाल्याकडे काम आहे म्हणाले. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले आणि अकोल्यापर्यंत त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगत राहिले. मंडपवाला अकोल्यात नव्हताच, हे मला नंतर कळलं.

अकोल्याचं व्याख्यान एका निसर्गप्रेमी मंडळात होतं. इथे फ्लेक्सवर वाघूळच होतं आणि श्रोतेही तयारीचे होते. मी भाषण संपवलं. एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या कॉलनीतल्या वडावर असलीच घाण आहे. फटाके लावले की एका दिवसात मोकळं होतं. तुमचं सगळं पुस्तकी आहे."

मी तोंड उघडणार, इतक्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला. "भाऊ, तुमच्या वडावर पिल्लं आहेत का ते पाह्यलं का तुमी?"

वसंतराव चालत पुढे आले आणि माझ्या हातातला माइक इतक्या सहज घेतला की मीच देऊन टाकला असं लोकांना वाटलं असेल. त्यानंतरची वीसेक मिनिटं ते बोलले. वाघळं सूर्य मावळल्यावर जेवायला जातात, हे सांगितलं. मादी कशी पिल्लू पंखात गुंडाळते, हे सदऱ्याचे दोन्ही हात लपेटून दाखवलं. वाघूळ एका रात्रीत मेळघाटातून नाशिकपर्यंत जाऊन येतं, असंही सांगितलं. ते खरं नाही. मी खूण केली, तर ते म्हणाले, "मॅडम सांगून रायल्या की त्याच्याही पुढे जाते." सभागृह पोट धरून हसत होतं आणि ऐकतही होतं. फटाकेवाले गृहस्थ शेवटी म्हणाले, "ठीक आहे, एखादी संध्याकाळ बसून पाहतो."

"बसा. पण वर तोंड करून नका बसू," वसंतराव म्हणाले. "मॅडमले विचारा."

मंडळाच्या अध्यक्षांनी आभार मानले, आणि शाल वसंतरावांच्या खांद्यावर घातली. नारळ मला मिळाला.

चिपळूणला परतले तेव्हा आमचे आंबे मोहरून गेले होते आणि कैऱ्या धरत होत्या. लग्नाच्या दिवशी मी घरातच होते. दिवस कलला तशी मी सारखी फोनकडे पाहत होते. नवरदेव चांदूर रेल्वेचा. तिकडची माणसं ऐकतील का, कुणी उत्साहाने फटाके उडवले तर काय, असे विचार डोक्यात फिरत होते. तिन्हीसांजा उलटून गेल्यावर फोन वाजला. मागे बँड वाजत होता, माणसांचा कल्लोळ होता आणि त्या सगळ्यावरून वसंतरावांचा आवाज.

"मॅडम! तुमची वाघळं बरोबर टायमावर गेली. एकबी नाई रायलं झाडावर!"

"मग लागलं का लग्न?"

"कायचं लागते?" वसंतराव ओरडले. "नवरदेवच नाई आला अजून!"